ओल्या पडद्यावरची पलटण

आधीच सांगून टाकतो. भूतखेत, करणी, अंगात येणं ह्यातलं काहीही मी आयुष्यात मानलेलं नाही. मी संशयी माणूस आहे. दूधवाल्यानं माप भरून दिलं तरी भांडं हलवून बघणारा. आमची मंडळी म्हणायची, "तुमच्या पुढं देव येऊन उभा राह्यला तरी त्याला दाखला मागाल." मागितलाच असता. ह्या सदरात लोक लिहितात ते वाचून मी आजवर हसतच आलो… पिंपळाखाली कुणी दिसलं, विहिरीतून कुणी हाक मारली. जवळ जाऊन पाहिलं का, हा माझा पहिला प्रश्न. कुणीच पाहिलेलं नसतं.

पण मागच्या महिन्यात मुलाच्या घरी टीव्हीवर मिलिटरीचं पिक्चर चालू होतं. नुसती धाडधाड. एका सीनला सगळे जवान बंदुका रोखून सरळ आपल्याकडं तोंड करून उभे राहिले. आणि मी काय केलं असेल? उठलो, टीव्हीच्या मागं गेलो आणि वाकून बघितलं. वायरी होत्या आणि बोटभर धूळ. सून तोंडाला पदर लावून हसत होती. मुलानं विचारलं, "बाबा, काय शोधून राह्यले?" त्याला काय सांगणार… म्हणून इथं लिहितो. वय झालंय, पण डोकं बराबर आहे, एवढं धरून चाला.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. तेव्हा जालना जिल्हा नव्हता. आमचा तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद. आमचं गाव तीर्थपुरीपासून दोन कोसांवर, आणि सगळा बाजारहाट तीर्थपुरीलाच. मी बाविशीत होतो. उर्दू शाळा शिकलो होतो, तहसिलीत चिकटायची खटपट चालली होती. जालन्याला बोलका सिनेमा आल्याचं आम्ही ऐकून होतो, पण आमच्याकडं यायचा तो तंबूतला, मुका. ज्वारी काढणीला आली की तंबूवाले यायचे, पाच-सहा दिवस मुक्काम करायचे आणि पुढं मंठ्याकडं निघून जायचे.

त्या तंबूची रचना नीट सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. पडदा तंबूच्या एका टोकाला नसायचा, मधोमध असायचा. एका बाजूला मशीन आणि पुरुष. दुसऱ्या बाजूला, म्हणजे पडद्याच्या मागं, कनात लावून केलेली बायकांची जागा. आमच्याकडं पडद्याची रीत कडक; पुरुषांच्यात बायका बसतील ही गोष्टच नव्हती. मंग त्यांना दिसायचं कसं? तर खेळ सुरू व्हायच्या आधी दोन माणसं बादल्या घेऊन पडद्यावर पाणी मारायची. कापड चिंब ओलं झालं की उजेड आरपार जातो आणि तेच चित्र मागूनही स्वच्छ दिसतं. फक्त उलटं… डावं ते उजवं, उजवं ते डावं. पुरुषांना सैनिक उजव्या खांद्याला बंदूक लावताना दिसायचे, बायकांना डाव्या. पहिल्या दिवशी घरी आल्यावर आमच्या वहिनींनी मला विचारलं होतं, "भावजी, ह्या गोऱ्या लोकांत सगळेच डावखुरे असतात व्हय?" मी समजावून सांगितलं, तरी घरात दोन दिवस 'डावखुरी पलटण' म्हणून चेष्टा चालली होती.

त्या साली आणलेलं पिक्चर मिलिटरीचंच. कुठल्या देशातलं ते देव जाणे. खंदक, तारा, चिखल, लोखंडी टोप घातलेले शिपाई. सगळ्यात मोठा सीन शेवटी यायचा. सात शिपाई खंदकातून वर चढतात, ओळीनं उभे राहतात, सरळ प्रेक्षकांकडं बंदुका रोखतात आणि एकदम बार टाकतात. नळ्यांतून धूर निघतो. त्या एका सीनसाठी लोक दोनदोनदा यायचे.

पिक्चर मुकं, म्हणून आवाज पडद्यामागून काढायचे. किरकोळ गोळीबाराला फळीवर वेताची छडी आपटायची. रोज दोन खेळ व्हायचे; पहिल्याला ते काम मी धरलं होतं, दुसरा फुकटात पुढं बसून बघायला मिळावा म्हणून. पण शेवटच्या बाराला तंबूच्या मालकाला खरी बंदूक लागायची. स्वतःची बाळगायची तर तालुक्यातालुक्याला परवाना. त्यापेक्षा त्यानं सोपी युक्ती काढली होती… गाव बदललं की तिथला एखादा लायसनवाला गाठायचा आणि पाच दिवस त्याच्याकडूनच खाली बार उडवून घ्यायचे. खाली बार म्हणजे नुसती बारूद आणि चिंधीचा बोळा. गोळी नाही, छर्रे नाहीत. नळी आभाळाकडं करायची आणि घोडा ओढायचा.

तीर्थपुरीच्या आसपास लायसनवाले तीन. त्यातला एक माझा थोरला भाऊ. त्याला आम्ही दादाच म्हणायचो. रानडुकरांपासून पीक राखायला त्याला सरकारातून ठासणीची बंदूक मिळाली होती. मालकानं त्यालाच धरलं.

आता व्यंकटरावाचं सांगतो. आमच्याच गावचा, आमच्या शेताला लागून त्याचं शेत. आदल्या साली दादानं अंधारात डुकरावर बार टाकला आणि छर्रे व्यंकटरावाच्या बैलाला लागले. बैल वाचला, पण मागच्या पायानं कायमचा अधू झाला. दादानं आपला चांगला बैल सोडून त्याच्या दारात नेऊन बांधला. त्यानं तो सोडून हाकलून दिला आणि तहसिलीत अर्ज टाकला, की असल्या माणसाचं लायसन रद्द करा. वर्षभर बोलणं बंद. आणि दादा तोंडाचा फाटका. भर बाजारात, चार लोकांत तो बोलून गेला होता, की आता डुक्कर दिसलं काय आन् व्यंकट्या दिसला काय, मला सारखंच. रागात माणूस बोलतो. पण लोक विसरत नाहीत.

दादाची अजून एक सवय. शेतातल्या माळ्यावर तो बंदूक भरून ठेवायचा, गोळी ठासून. डुक्कर आल्यावर ठासत बसायला वेळ कुठला? तंबूत येताना तो ती बांधावर रिकामी करून यायचा आणि इथं आल्यावर खाली बार भरायचा. मी रोज विचारायचो, "दादा, रिकामी केली ना?" तो वैतागायचा. "केली बाबा, केली. तुझा इस्वास बसत नसंल तर नळीत डोळा घाल."

तिसऱ्या दिवशी तो उशिरा आला. दिवेलागणीला खेळ सुरू झाला होता, अर्धं पिक्चर होऊन गेलं होतं. घामाघूम होऊन आला, बंदूक टेकवली, बारूद ओतली, बोळा घातला, गजानं ठासलं. मी फळी बडवत होतो. त्या दिवशी मी विचारलं नाही.

आम्ही बसायचो ती जागा म्हणजे पडद्यामागं डाव्या अंगाला एक कोपरा, वरून उघडा. आमच्यात आणि बायकांत आडवी कनात, आमची नजर त्यांच्याकडं जाऊ नये म्हणून. म्हणजे दादा काय करतो ते बघू शकणारा एकच माणूस, मी. आणि मी बघत होतो पडद्याच्या कडेनं, इशारा चुकू नये म्हणून. इतक्या तिरप्या जागेवरून चित्र काही दिसत नाही, नुसत्या उजेडाच्या रेघा सरकतात. पण तीन दिवसांत मला त्या रेघा पाठ झाल्या होत्या. शिपाई उभे राहिले, हे मला कळलं. मी छडी खाली ठेवली.

बार झाला.

रोज बार झाला की पुरुषांच्या बाजूनं आरोळी उठायची आणि बायकांच्या बाजूनं किंकाळ्या आणि मंग हसू. त्या दिवशी पुरुषांच्या बाजूनं आरोळी उठली, ती वेगळीच. बाकडी पडल्याचा आवाज, "लागली, लागली!" आणि बायकांच्या बाजूला एक शब्द नाही. चाळीस बायका, पण मूल रडल्याचासुद्धा आवाज नाही. ती शांतता मला आज लिहितानाही नकोशी वाटते.

मी धावत पुढं गेलो. तंबूचा मधला खांब मशीनच्या उजेडाला आड येऊ नये म्हणून जरा बाजूला रोवलेला होता. त्याला टेकून व्यंकटराव बसला होता. म्हणजे आता उभा होता. फेटा सुटलेला, एक कान हातानं दाबून धरलेला. रक्त नव्हतं. त्याच्या कानापासून चार बोटांवर खांबाला भोक पडलं होतं आणि लाकडाच्या ढलप्या त्याच्या खांद्यावर पडल्या होत्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मंग माझ्या मागं. दादा बंदूक घेऊन तसाच बाहेर आला होता.

"बघा," व्यंकटराव म्हणाला, "बोलल्ता तसं केलं."

अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, पहिल्याच रांगेत खुर्चीवर होते. दुसऱ्या कुणाला बोलवायची गरजच पडली नाही. बंदूक ताब्यात घेतली, दादाचे हात बांधले. मंग मला बाजूला घेतलं. माणूस शांत होता, आवाज चढवायचा नाही. म्हणाले, "तुम बाजू में थे. भाई की नली ऊपर थी, तुमने देखा?"

दादा सात-आठ हातांवर उभा होता. त्याला ऐकू जात होतं.

खरं काय होतं? मी पाहिलं नव्हतं. तो उशिरा आला होता, मी विचारलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की भरलेल्या बंदुकीवरच ह्यानं बारूद ओतली. रिकामी करायची राहून गेली. चूक झाली असेल… नाहीतर चूक नसेलही. 'देखा' एवढा एक शब्द म्हटला असता तर मामला तिथंच ढिला पडला असता. मी म्हणालो, "न्हाई साहेब. पाह्यलं न्हाई." दादानं मान खाली घातली. त्याला चौकीवर नेलं.

घरी जाताना बैलगाडीत वहिनी होत्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी गोळी घातली न्हाई. त्या शिपायांनी घातली."

मी वैतागलो. म्हणालो, वहिनी, ती चित्रं आहेत, उजेड आहे नुसता. त्या म्हणाल्या, ते मला ठाऊक हाय, तुम्हीच सांगितलं व्हतं. दोन दिवस बराबर तसंच दिसलं. तोंडं आमच्याकडं, बंदुका आमच्याकडं, डाव्या खांद्याला. "आज त्यांच्या पाठी दिसल्या."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी परत सांगितलं. शिपाई खंदकातून वर चढले, ओळीनं उभे राहिले… आणि बायकांकडं त्यांची पाठ होती. तोंडं पलीकडं, पुरुषांच्या अंगाला. पाठीवर पिशव्या, पट्टे, मानेवरचे कापलेले केस. बंदुका उजव्या खांद्याला. बार टाकताना सातहीजणांच्या पाठी एकदम मागं हिसकल्या. तिसऱ्याच्या कोटाला डाव्या खांद्याखाली ठिगळ होतं, वेगळ्या कापडाचं.

जरा विचार करा. चित्र पुढून बघा नाहीतर मागून, तोंड ते तोंडच दिसणार. मागून बघणाऱ्याला पाठ कधी दिसते? माणूस खरोखर तिथं उभा असला तरच. आणि त्या पिक्चरमध्ये एकही शिपाई कधी पाठ फिरवत नाही. पहिल्या दोन्ही दिवशी दुसऱ्या खेळाला मी पुढं बसून ते पिक्चर डोळे फाडून पाहिलं होतं.

मी वहिनींवर ओरडलो. नवरा अडकला म्हणून काहीही रचू नका म्हणालो. आज मला त्याची लाज वाटते.

सकाळी मी चौकीवर गेलो, तर अमीनसाहेब तंबूत होते. त्यांचा तर्क सरळ होता, की दादानं पडद्याच्या कडेनं नळी बाहेर काढून नेम धरला. त्यासाठी लक्ष्मण सुताराला बोलावलं होतं. त्यानं खांबातल्या भोकात ज्वारीचं सरळ धाट बसवलं, म्हणजे गोळी कुठून आली ते कळावं. धाटाच्या रोखानं सुतळी ताणली. ती पडद्याच्या कडेला गेलीच नाही. पडद्याच्या ऐन मधोमध गेली, शिपायांची ओळ उभी राहायची तिथं, माणसाच्या छातीच्या उंचीवर.

मंग गोळी पडदा फाडून आली असणार. साहेबांनी पडदा उतरवून उन्हात धरायला लावला. चार माणसांनी चार कोपरे धरले आणि साहेब स्वतः खालून, वीत वीत करून, बघत गेले. मीही बघितलं. माझ्यासारखा बघणारा त्यांना दुसरा मिळाला नसता. कापडाला भोक नव्हतं. फाटलं नव्हतं, जळलं नव्हतं, बारुदीचा काळा डागसुद्धा नव्हता.

माझ्या मनात लगेच आलं, रात्रीतून कापड बदललं. मालकाकडं दुसरं कापड होतंच. पण त्या पडद्याची एक कड उसवली होती आणि खेळाच्या दुसऱ्या दिवशी मालकाच्या विनंतीवरून वहिनींनीच ती घरच्या लाल दोऱ्यानं शिवून दिली होती. तो लाल टाका तिथंच होता. म्हणजे कापड तेच.

लक्ष्मणनं पटाशीनं खांब कोरून गोळी काढली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. त्यांनी मूठ उघडून बघितलं, मिटली, परत उघडून बघितलं, आणि गोळी खिशात टाकली. मला दाखवली नाही. ठासणीच्या बंदुकीची गोळी शिशाची, गोल, लिंबोळीएवढी असते. नंतर मी लक्ष्मणला विचारलं तर तो म्हणाला, लांब व्हती, टोकदार, वर तांब्याचं कवच. पण लक्ष्मणला गोष्ट फुगवून सांगायची खोड. आणि साहेबांनी ती लपवली का? तसली गोळी आमच्या मुलखात फौजेकडंच असणार. कागदावर लिहायची तर सरकारलाच विचारावं लागणार. की ती साधी शिशाचीच होती आणि साहेबांना दुसरंच काही वाटलं? काही कळायला मार्ग नाही.

वहिनी दुपारी स्वतः आल्या. त्यांनी साहेबांना पाठींचं सांगितलं. मला वाटलं हाकलून देतील. पण साहेब माझ्यापेक्षा संशयी निघाले. त्यांनी बायकांना एकत्र विचारलंच नाही. तंबूत एक कनात उभी केली, एकेकीला पलीकडं बसवलं आणि अलीकडून विचारलं, काय दिसलं? पहिली आली, दुसरी आली… पाठी. पिशव्या, पट्टे. तिसऱ्याच्या कोटाला काय होतं, हे साहेब शेवटी सहज विचारायचे. ठिगळ. डाव्या खांद्याखाली. कुणी म्हणाली भुऱ्या रंगाचं, कुणी मळकट, पण ठिगळ सगळ्यांनी सांगितलं.

तरी माझं मन म्हणत होतं, ओढ्यावर धुणं धुताना ठरवलं असेल. वहिनींचा सगळ्यांशी घरोबा. मंग सुभद्राबाई आल्या. व्यंकटरावाची बायको. व्यंकटराव माझ्या शेजारीच उभा होता, आता ही खरं काय ते सांगेल म्हणून. साहेबांनी विचारलं आणि कनातीपलीकडून उत्तर आलं, आवाज कापत होता पण शब्द मोकळे.

"मला बी पाठीच दिसल्या. तिसऱ्यानं मारलेली. माझा धनी मरता मरता वाचला, मी कुणाची भीड धरून बोलून न्हाई राह्यले. पण तुम्ही बांधून नेलेल्या माणसानं मारलं म्हणून मी म्हणणार न्हाई."

व्यंकटराव बाहेर निघून गेला. नवऱ्याच्या फिर्यादीविरुद्ध बोलणं म्हणजे त्या काळात काय होतं, हे आजच्या लोकांना सांगून कळायचं नाही. तिनं घरी काय सोसलं ते मला माहीत नाही. विचारायला गेलो नाही.

संध्याकाळी साहेबांनी हुकूम दिला, तेच पिक्चर परत लावा. पुढं चौकीचे दोन पोलीस, मागं स्वतः साहेब आणि मी. पडदा तसाच ओला केला. त्या दिवशी मी पहिल्यांदा मागून पाहिलं. सात शिपाई वर चढले, ओळीनं उभे राहिले, तोंडं आमच्याकडं, बंदुका डाव्या खांद्याला. धूर निघाला. संपलं. साहेबांनी तीनदा लावायला सांगितलं, तिन्ही वेळा तोंडंच.

साहेब उठून ओल्या कापडावर हात फिरवून आले. मंग म्हणाले, "पर्दे को सुराख नहीं. अब काग़ज़ पर मैं क्या लिखूँ?" काय लिहिलं ते मला माहीत नाही. दादाला त्याच वेळी सोडलं. लायसन आणि बंदूक मात्र गेली, ती गेलीच. तंबूवाले दुसऱ्या दिवशी गाडी भरून निघाले आणि परत आमच्या भागात आले नाहीत.

तुम्ही म्हणाल, झालं की. भाऊ निर्दोष सुटला. हो, सुटला. पण मी माझ्या स्वभावाला काय करू? रात्र रात्र मी हिशेब जुळवायचो. पडदा बराबर मधोमध लोंबतो, वाऱ्यानं एखादी बाजू उचलली असेल तर? दादा कोपरा सोडून मध्ये गेला असेल तर? तेवढ्यात कसा जाईल? बायकांना दिसला नसता का? की बायकांना खांब, गोळी, आरडाओरडा ह्यांनी भास झाला? मंग चाळीसजणींना एकच ठिगळ कसं? प्रत्येक वाट पडद्यापाशी येऊन थांबायची. कापडाला भोक नाही. आणि तरीसुद्धा दादा जेवायला समोर बसला की माझी नजर त्याच्या हातांकडं जायची. तो भोळेपणानं भाकरी कुस्करत असायचा.

पुढं मला अंबडला नोकरी लागली. सणावाराला गावी जायचो. दादा माझ्याशी नीट बोलायचा, माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन फिरायचा. डुकरं पीक खायची आणि तो रात्रभर डबा वाजवत बांधावर बसायचा. त्या तंबूचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. मला वाटायचं, विषय नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली दादा आजारी पडला. रझाकारांच्या धामधुमीचे दिवस, रस्ते धड नव्हते, तरी निरोप आला तसा मी गेलो. सकाळची वेळ होती. वहिनी चुलीपाशी होत्या. दादा अंगणात खाटेवर, पार वाळलेला. इकडचं तिकडचं बोललो. मंग तोच म्हणाला,

"नामदेव, तू साहेबाला पाह्यलं न्हाई म्हणालास, ते मला ऐकू आल्तं. त्याचा राग न्हाई. पाह्यलं नव्हतंस तर पाह्यलं कसं म्हणणार."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यानं हात वर केला.

"पण एवढी वर्सं झाली. तू पडद्याला इचारलं, सुताराला इचारलं, बायाबायांच्या गोष्टी तपासल्या. मला एकदा बी इचारलं न्हाईस."

खरं होतं. मी त्याला विचारलं नव्हतं. त्या दिवशी नाही, नंतर नाही, कधीच नाही. मी खाटेच्या कडेला बसलो आणि विचारलं, "दादा… बंदूक रिकामी केल्ती का? नळी वर व्हती का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लहानपणी मी खोटं बोलून पळालो की बघायचा तसं.

"मी सांगितलं तर तुला पटंल?"

'पटेल' म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण त्याला माझा स्वभाव ठाऊक, मला माझा ठाऊक… शब्द बाहेर आला नाही. तो हसला, कूस बदलली आणि म्हणाला, "जाऊ दे. जेवून जा." चौथ्या दिवशी तो गेला.

ते शिपाई कोण, त्या पाठी कुठून आल्या, गोळी कुणाची, आणि न फाटलेल्या कापडातून ती आली कशी, ह्यातलं मला आजही काही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर कळवावं, मी तपासून बघेन. पण दादाला मी त्याच रात्री, हात बांधलेले असताना, चार माणसांदेखत विचारलं असतं तर तो खरं काय ते बोलला असता. तो तोंडाचा फाटका होता, पण माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता.